आखाड्यातले बळ आणि रस्त्यावरचा प्रसंग

शरीरबळाच्या विद्या म्हणजे पुस्तकी विद्येच्या सावत्र बहिणी, अशी आपल्या पांढरपेशा वर्गाची पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. मुलाने गणित टाकून तालमीची वाट धरली तर घरात चिंता उत्पन्न व्हावयाची. मुलीच्या बाबतीत तर हा विचार कोणाच्या मनाला शिवतही नसे. ही समजूत अलीकडे पालटू लागली आहे. मात्र ती बलोपासनेच्या आवडीने पालटली असे म्हणवत नाही. तिला पालटविले ते भयाने. ज्या घराच्या उंबऱ्यावर आखाड्याची तांबडी माती कधी पडली नाही, त्या घरातील आईबाप आज विचारू लागले आहेत की, मुलीला स्वसंरक्षणाच्या वर्गात घालावे, की जुदो-कुस्तीसारखा एखादा खेळ शिकवावा? आमच्या बीडसारख्या जिल्ह्यातील तरुणही हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात. हातातल्या मोबाईलच्या पडद्यावर ते मिक्स्ड मार्शल आर्ट्स या नावाच्या झुंजी पाहतात. तीत ठोसे आहेत, लाथा आहेत, कुस्तीची उचल आहे आणि जुजुत्सूचे बंध व गळ्याचे फासही आहेत. अशा झुंजीची खरी पूर्वतयारी कोणती, जुजुत्सूचा स्वसंरक्षणाचा अभ्यास की त्याच विद्येचा स्पर्धेचा खेळ, असा वाद ते हिरिरीने घालतात.

वरवर पाहता हा वाद तंत्राचा आहे व तो वस्तादांनी आपसात मिटवावा असे कोणास वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी नीतीचा एक प्रश्न आहे. ‘तू आता सुरक्षित आहेस’ असे जो दुसऱ्याला सांगतो, तो एक मोठी जबाबदारी पत्करतो. त्याचे सांगणे खोटे ठरले तर त्याची किंमत सांगणाऱ्याला द्यावी लागत नाही. ती ऐकणाऱ्याला द्यावी लागते, आणि तीही अशा घटकेला, की जेव्हा चूक सुधारण्यास अवसर उरलेला नसतो. म्हणून कोणती तयारी खरी आणि कोणती केवळ तयारीचा आभास, हे सत्यासत्याच्या विवेकाचे काम आहे. आणि त्यापासून शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या माणसाला अंग चोरता येत नाही.

प्रथम दोन्ही पक्षांचे म्हणणे त्यांच्या त्यांच्या बळकट स्वरूपात मांडले पाहिजे. स्वसंरक्षणवादी म्हणतात: खेळाला नियम असतात, गुंडाला नसतात. खेळात जोडीदार तुमच्याच वजनाचा असतो, पंच उभा असतो, वेळ ठरलेली असते आणि खाली माती किंवा गादी असते. रस्त्यावर समोरचा दुपटीने जड असेल, त्याच्या हाती शस्त्र असेल, त्याचे साथीदार मागे उभे असतील. नियमात वाढलेला खेळाडू नियमाबाहेरच्या प्रसंगी गोंधळतो. इतकेच नव्हे, तर नियमांनी लावलेल्या सवयी त्याच्या नाशाला कारण होतात. खेळाचा पक्ष उत्तर देतो: तुमच्या वर्गात डोळ्यांत बोटे घालण्याचे, गळ्याच्या घाटीवर घाव घालण्याचे धडे दिले जातात हे खरे; पण ते धडे आजवर कोणी कोणावर पुऱ्या ताकदीने करून पाहिले आहेत काय? जोडीदार मनगट धरून उभा राहतो, तुम्ही ते सोडवता, आणि तो सौजन्याने खाली पडतो. याला शिक्षण म्हणण्यापेक्षा नाटकाची तालीम म्हणणे शोभेल.

या वादाचे एक उत्तर जपानातील एका शिक्षकाने मागेच दिलेले आहे. जिगोरो कानो याने १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था स्थापन केली. तो विद्यापीठाचा पदवीधर होता व पुढे आयुष्यातील बराच काळ शिक्षणखात्यात मुख्याध्यापकी करीत राहिला. जुन्या जुजुत्सूच्या दोन परंपरा त्याने अभ्यासल्या होत्या. त्या परंपरांत जीव घेणारे पुष्कळ प्रकार होते. परंतु जीव घेणारे म्हणूनच ते जोडीदारावर खरोखर करून पाहण्याची सोय नव्हती, आणि शिष्य ते ठराविक आकृतिबंधातच गिरवीत. कानोने एक गोष्ट केली. घातक प्रकार त्याने ठराविक आकृतिबंधासाठी राखून ठेवले, आणि ज्यांनी जोडीदाराला इजा होणार नाही असे फेक, पकड व बंध निवडून मोकळ्या लढतीसाठी वेगळे काढले. या लढतीत जोडीदार पडण्यास मुळीच राजी नसतो; तो आपल्या सगळ्या बळाने व बुद्धीने विरोध करतो. यातूनच जुदो निर्माण झाला. विद्येतून धार काढून घेतली असा आक्षेप कोणी घेईल. पण जी गोष्ट रोज पुऱ्या ताकदीने करता येते, ती वर्षातून एकदाही खरी न केलेल्या गोष्टीपेक्षा अधिक आपली होते, हा कानोच्या सुधारणेचा मथितार्थ आहे.

आपल्या तालमीला ही गोष्ट शिकविण्याची गरज नाही. कुस्तीत ढाक, कलाजंग, धोबीपछाड असे कितीतरी डाव आहेत. वस्ताद ते उभे करून समजावितो, पण त्या समजावण्याला कोणी विद्या म्हणत नाही. हौद्यात उतरल्यावर, समोरचा खडाखडीत मनगट हिसडून देतो, पट काढू गेले की मागे सरतो, ढाकेसाठी वळावे तर आधीच कमरेला विळखा घालतो, तेव्हा डाव खरोखर कळू लागतो. डावाची आकृती एका दुपारी शिकता येते. त्याची वेळ ओळखण्यास मात्र वर्षे लागतात. ही वेळ नाराज जोडीदाराखेरीज कोणी शिकवू शकत नाही. आणि नाराज जोडीदाराबरोबर रोज झुंजून दुसऱ्या दिवशी दोघांनीही धड अंगाने परत यावे, ही सोय केवळ नियम करून देतात. म्हणून नियम हा सत्याचा शत्रू आहे हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पुऱ्या ताकदीच्या विरोधाची परीक्षा नियमांमुळेच रोज देता येते.

परंतु उरलेले अर्धेही तितकेच विचारात घेतले पाहिजे. प्रत्येक नियम अंगाला एक सवय लावतो, आणि काही दिवसांनी माणूस ती सवय नियमाची आहे हे विसरून निसर्गाची समजू लागतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे माणसाची पाठ. आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागणे म्हणजे पराभव. म्हणून संकटात सापडलेला मल्ल पालथा होतो, पोट मातीला चिकटवतो आणि तासन्‌तास तग धरतो. १९१० च्या सप्टेंबरात लंडन येथे गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची जी इतिहासप्रसिद्ध कुस्ती झाली, तीत झ्बिस्कोने अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी हाच बचाव केला आणि कुस्ती निकालाविना सुटली. एका आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या लढतीस तो आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळा येथे मातीच्या आखाड्यात दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखविले. लंडनच्या त्या दिवशी नियमाच्या दृष्टीने झ्बिस्को हरला नव्हता. पण पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर बसून डोक्यावर ठोसे घालण्यास वा गळ्याला हाताचा फास लावण्यास जेथे मुभा आहे, तेथे तोच बचाव काही क्षणांत प्राणावर बेतला असता.

जुजुत्सूचा दंडक याच्या नेमका उलट आहे. त्यात पाठ टेकल्याने काही बिघडत नाही. पाठ प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन केल्याने बिघडते. पाठीवर पडलेला जुजुत्सूगीर पायांचा विळखा घालून वरच्याला थोपवून धरतो आणि खालूनच त्याच्या कोपराला बंध किंवा मानेला फास घालतो. म्हणजे एकाची सुरक्षित जागा ती दुसऱ्याची धोक्याची. मात्र या विद्येचीही स्पर्धा सुरू झाल्यावर तिलाही तिच्या सवयी जडल्या. तिच्या गुणपत्रिकेत पाडण्याला दोन, पायांचा विळखा ओलांडण्याला तीन, छातीवर किंवा पाठीवर स्वार होण्याला चार गुण मिळतात. ठोसा मारण्याची मनाई असल्यामुळे ठोशाचा विचारच कोणी करीत नाही. परिणामी पुष्कळ स्पर्धक लढत सुरू होताच आपण होऊन खाली बसतात, कारण तेथून त्यांचे उत्तम डाव सुरू होतात. दगडमातीच्या रस्त्यावर, अंगावर धावून येणाऱ्या माणसापुढे कोणी आपण होऊन खाली बसेल काय? येथे स्वसंरक्षणवाद्यांचा आक्षेप पुरता लागू पडतो.

मग दोन्ही पक्षांची परीक्षा कोणत्या न्यायासनापुढे व्हावी? गेल्या शंभर वर्षांत असे एक न्यायासन हळूहळू उभे राहिले आहे. कोदोकानचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला आणि त्याच्या परंपरेतून ग्रेसी घराण्याने आपली जुजुत्सू वाढविली. या घराण्याचा भर स्वसंरक्षणावर होता, आणि तरीही आपली विद्या खरी आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी आव्हाने देऊन लढती केल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९५१ मध्ये रिओ द जानेरोत एलिओ ग्रेसीची जपानचा जुदोवीर मासाहिको किमुरा याच्याशी लढत झाली. किमुराने त्याच्या हाताला असा बंध घातला की, एलिओने हार मानली नाही तरी त्याच्या भावाला रुमाल टाकून लढत थांबवावी लागली. तो बंध आज किमुराच्याच नावाने ओळखला जातो. पुढे १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे नाना विद्यांचे आठ मल्ल एकत्र आले. चावणे व डोळ्यांत बोटे घालणे याखेरीज फारशी मनाई नव्हती. एलिओचा सडपातळ बांध्याचा मुलगा रॉयस याने एकाच रात्री तिघांना हरविले. ज्यांची विद्या केवळ आकृतिबंधात गिरवलेली होती त्यांचा गर्व त्या एका रात्रीत उतरला. परंतु कथा तेथे संपत नाही. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेतर्फे कुस्ती खेळलेला मार्क कोलमन १९९६ मध्ये याच झुंजींत अजिंक्य ठरला. जुजुत्सूचे मर्म कुस्तीगिरांनी ओळखले, कुस्तीचे मर्म जुजुत्सूवाल्यांनी. आणि ज्याला जमिनीवरची एकच भाषा येत होती तो मागे पडला.

आपल्याकडचे उदाहरण हरियाणाच्या रितू फोगट हिचे आहे. कुस्तीत २०१७ च्या तेवीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेचे रौप्यपदक मिळविलेली ही मल्ल २०१९ मध्ये या नव्या झुंजीत उतरली. तिच्या पट काढण्याच्या बळावर तिने अनेक लढती जिंकल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूर येथील अंतिम लढतीत मात्र थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तिच्या हाताला बंध घालून तिला हार मानावयास लावली. स्टॅम्पची मूळ विद्या ठोसे-लाथांची. जुजुत्सू तिने मागाहून शिकलेली. कुस्तीगिराचे अंग ज्या धोक्याला धोका म्हणून ओळखत नाही, तो त्या दिवशी पुढे उभा राहिला. यावरून कुस्ती निरुपयोगी ठरत नाही. तिने रितूला अंतिम लढतीपर्यंत आणले. पण तिची सीमा कोठे आहे हे तीतून स्पष्ट दिसते.

ही सीमा ओलांडता येते की नाही, याचे उत्तर शोधण्यास आम्हा बीडकरांना दूर जावे लागत नाही. पाटोद्याचा राहुल आवारे हा मल्लाच्या घरात जन्मलेला. वडिलांनी त्याला मातीत उतरविले आणि पुढे हरिश्चंद्र बिराजदार मामांनी त्याला घडविले. मातीची कुस्ती आणि गादीची कुस्ती ही नावाने एक असली तरी स्वभावाने दोन आहेत. मातीत चितपट हाच निकाल, म्हणून मल्ल धिमेपणाने प्रतिस्पर्ध्याचा दम काढतो. गादीवर तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. नुसते पाडले, मागे जाऊन ताबा घेतला, की गुण. रिंगणाबाहेर पाऊल पडले तरी गुण गेला. मातीत वाढलेल्या अंगाला ही गणिते नव्याने शिकावी लागतात. राहुलने ती शिकली. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे ५७ किलो गटात कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवून त्याने राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले, आणि २०१९ मध्ये नूर-सुलतान येथे ६१ किलो गटात जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक. त्याच्या फार पूर्वी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच वाटेने गेले होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीशी त्यांचा परिचय जेमतेम होता व ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतले. एका नियमाखाली प्रामाणिकपणे झुंजलेला माणूस दुसरा नियम शिकू शकतो, कारण विरोधाची, दमछाकीची आणि हरण्याची ओळख त्याला आधीच असते. जो कधी झुंजलाच नाही, त्याला दोन्ही नियम सारखेच परके.

एवढ्याने खेळाच्या पक्षाचा निर्विवाद विजय झाला असे मात्र समजू नये. मिक्स्ड मार्शल आर्ट्सची झुंजही शेवटी खेळच आहे. तिला जाळीचे रिंगण आहे, वजनाचे गट आहेत, हातमोजे आहेत, पंच आहे, आणि डोक्याच्या मागच्या बाजूस घाव घालण्यासारख्या गोष्टींची मनाई आहे. समोर एकच माणूस असतो व तो येणार हे महिनोन्‌महिने आधी ठाऊक असते. रस्त्यावरच्या प्रसंगाची हुबेहूब नक्कल करणारा खेळ निघालेला नाही आणि निघणारही नाही. निघाला तर त्यात रोज माणसे मरतील व त्याला खेळ म्हणता येणार नाही. म्हणून ‘कोणती विद्या रस्त्यासारखी आहे’ हा प्रश्नच फोल आहे. विचारावयाचा प्रश्न असा की, कोणत्या विद्येत विरोध खरा आहे, आणि ती शिकविणारा तिच्या नियमांची मर्यादा शिष्याला उघडपणे सांगतो की नाही.

आता नीतीच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. जुजुत्सूच्या अभ्यासात एक लहानशी रीत आहे. बंध पक्का बसला की खालचा माणूस हाताने दोनदा थोपटतो, आणि वरचा माणूस तत्क्षणी सोडून देतो. त्या क्षणी एकाचे कोपर दुसऱ्याच्या मुठीत असते. आणखी दोन बोटे जोर लावला तर ते निखळेल, हे दोघांनाही ठाऊक असते. तो जोर लावला जात नाही. हे एकदा घडले तर त्याला सौजन्य म्हणावे; वर्षानुवर्षे दिवसातून वीस वेळा घडले म्हणजे तो स्वभाव होऊ लागतो. मोडण्याचे सामर्थ्य हाती असताना न मोडणे, आणि आपण हरलो हे वेळेवर कबूल करणे, हे दोन्ही धडे अंगात मुरतात. स्वसंरक्षणाच्या ज्या वर्गात फक्त घाव घालावयास शिकविले जाते, तेथे घाव कोठे थांबवावा हे कळण्यास मार्गच नाही. कारण तेथे खरा घाव कधी घातलाच जात नाही.

हा केवळ सद्‌गुणाचा प्रश्न नव्हे, कायद्याचाही आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेने स्वतःच्या व दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला अशा भयंकर प्रसंगी तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत तो पोचतो. परंतु तिच्या ३७ व्या कलमाने त्याला मर्यादाही घातली आहे: रक्षणासाठी जितकी आवश्यक तितकीच इजा, अधिक नव्हे. न्यायासनापुढे हे मोजण्यास वेळ असतो. घाबरलेल्या माणसाला नसतो. भित्रा माणूस एकतर हात उचलत नाही, किंवा उचलला तर थांबवू शकत नाही. ज्याला दुसऱ्याचे वजन अंगावर घेण्याची सवय आहे, श्वास कोंडला तरी विचार करण्याची सवय आहे, त्यालाच धरून ठेवणे व मारणे यांतील भेद त्या घटकेला आठवेल.

यावर एक कडक आक्षेप येईल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तालमीतून सज्जनच निघतात काय? आपल्या महाराष्ट्रात पैलवान या शब्दाला आदराबरोबर एक धाकाचाही वास येतो. पुढाऱ्याच्या मोटारीमागे उभे राहणारे, वसुलीला जाणारे, निवडणुकीत दमदाटी करणारे पीळदार देह आपण पाहिलेले आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी माती अंगाला लावलेली असते. तेव्हा नियमात वाढलेले बळ आपोआप नीतिमान होते असा दावा मला करावयाचा नाही. महाभारतात भीमाचे एकच शरीर तीन प्रसंगी दिसते. विराटाच्या उत्सवात तो जीमूत मल्लाशी लोकांच्या देखत लढतो. नर्तनशाळेच्या अंधारात द्रौपदीच्या रक्षणासाठी कीचकाला मारतो. आणि गदायुद्धात नाभीखाली प्रहार करू नये हा नियम मोडून दुर्योधनाची मांडी फोडतो. बळ तेच, हात तेच. कीचकवधाबद्दल कोणी भीमाला दोष देत नाही; मांडीवरच्या प्रहाराने मात्र बलराम संतापतो आणि वाचकाचे मनही आजवर निवांत झालेले नाही. याचे कारण उघड आहे. कीचकाने नियम मानलाच नव्हता. दुर्योधनाशी मात्र नियम मान्य करून लढाई ठरली होती. रस्त्यावरच्या गुंडाचा आखाडी चुलतभाऊ जेथे बिघडतो तेही येथेच: तो आखाड्यातले बळ बाहेर आणतो आणि नियम आत ठेवून येतो. हे टाळणे वस्तादाचे काम आहे. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात मल्लांचे वर्णन आले आहे, तेही विनोदांच्या, म्हणजे मनोरंजनांच्या प्रकरणात. बळाची विद्या ही आनंदाचीही वस्तू आहे, तिला सदैव शत्रू लागत नाही, ही जाणीव शिष्याला दिली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक सहानुभूतीने ऐकण्यासारखा आहे. चाळीस वर्षांच्या गृहिणीने, रात्रपाळी करून परतणाऱ्या परिचारिकेने तालमीत दहा वर्षे घालवावी काय? नाही घालवता येणार. त्यांच्यासाठी दोन दिवसांचा वर्ग निरर्थक आहे असेही मी म्हणणार नाही; मात्र त्याने काय शिकवावे हे ठरविले पाहिजे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची जी भेट झाली, तिची आठवण आपण वाघनखांसाठी करतो. पण त्या मिठीच्या आधी किती गोष्टी झाल्या होत्या! जागा शिवाजी महाराजांनी निवडलेली, अंगरख्याखाली चिलखत, जवळ जिवा महालासारखे निवडक सोबती, रानात सैन्य दबा धरून बसलेले. मिठीतला डाव हा त्या तयारीचा शेवटचा व सर्वांत लहान भाग होता. अल्पकाळच्या वर्गाने हाच पूर्वभाग शिकवावा: संकट दुरून ओळखणे, जागा सोडणे, मोठ्याने ओरडणे, मदत कोठे आहे हे आधी ठाऊक असणे, पळून जाण्यात कमीपणा न मानणे, आणि ओळखीच्या माणसाला देखील ठामपणे ‘नाही’ म्हणणे. हे सारे दोन दिवसांत शिकता येते व ते खरे आहे. त्याऐवजी मनगट सोडविण्याच्या दहा युक्त्या दाखवून, शेवटी हसतमुख छायाचित्र काढून प्रशस्तिपत्र द्यावे, ही मात्र फसवणूक आहे. देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

शेवटी एक गोष्ट जड अंतःकरणाने लिहावी लागते. ९ डिसेंबर २०२४ रोजी आमच्याच जिल्ह्यातील केज तालुक्यात, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण झाले व त्यांचा निर्घृण खून करण्यात आला. अशा प्रसंगी कोणती कुस्ती, कोणती जुजुत्सू कामास येणार होती? अनेकांनी एकाला उचलून न्यावे, तेथे एका शरीराची विद्या संपते, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही. आपल्या मुलांना बळकट करून आपण समाजाच्या कर्तव्यातून मोकळे झालो असे ज्याला वाटते, तो पळवाट शोधतो आहे. पोलीस ठाण्यात तक्रार निर्भयपणे नोंदविता यावी, साक्षीदाराला घरी झोप लागावी, गुंडाच्या मोटारीला पाहून गावाने दारे लावू नयेत, ही खऱ्या संरक्षणाची पहिली फळी आहे. व्यक्तीचे बळ ही शेवटची.

तरीही शेवटच्या फळीला अर्थ असतो, आणि ती खोटी असू नये. म्हणून जे आईबाप मला विचारतात त्यांना माझे सांगणे थोडक्यात असे आहे: मूल लहान असेल व वेळ असेल, तर कुस्ती, जुदो किंवा जुजुत्सू, जवळ जो चांगला वस्ताद असेल त्याच्याकडे पाठवा. तेथे जाऊन एक दिवस स्वतः बघा. जोडीदार खरा विरोध करतो काय? हरलेला मुलगा रागावतो की पुन्हा उभा राहतो? थोपटल्यावर वरचा मुलगा लगेच सोडतो की एक क्षण अधिक आवळून मौज पाहतो, आणि वस्ताद ते पाहून काय करतो? आपल्या खेळाच्या नियमांबाहेर काय काय आहे, हे तो शिष्यांना सांगतो काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर फलकावर कोणत्या विद्येचे नाव लिहिले आहे याला फार महत्त्व नाही. आणि मूल पुढे कोणत्याही झुंजीत उतरले नाही, त्याच्यावर कधीच प्रसंग आला नाही, तर ती वर्षे वाया गेली असे कोणी म्हणू नये. दुसऱ्याचे कोपर हाती असताना ते सोडून देण्याची सवय ज्याला लागली, त्याच्यापासून निदान इतरांना तरी भय राहणार नाही.